फुलकिडे की भुंगेरे? लांबिरच्या झाडमाथ्यावरचं एक प्रकरण

सागवान परवडत नसेल तर सुतार चौकटीला ‘मलेशियन साल’ सुचवतो. आरतीला आपण भीमसेनी कापूर काढतो. मलेशियन साल म्हणून बाजारात येणारं लाकूड बहुधा ज्या कुळातलं असतं, त्याच कुळातल्या एका झाडाचा हा कापूर, निदान मूळचा तरी. कुळाचं नाव डिप्टेरोकार्प, म्हणजे दोन पंखांच्या फळांची झाडं. उत्तरेतला साल याच कुळातला, कर्नाटक-केरळच्या घाटांतला धूपही याच कुळातला. पण या कुळाचं वैभव बघायचं तर बोर्निओ बेटावर जायला हवं. तिथे ही झाडं पन्नास-साठ मीटर उंच जातात आणि एक चमत्कारिक गोष्ट करतात: वर्षानुवर्षं फुलतच नाहीत. मग एखाद्या वर्षी थोड्या महिन्यांत सगळं रान फुलून येतं. डिप्टेरोकार्प फुलतात, त्यांच्याबरोबर दुसऱ्या कुळांतली कितीतरी झाडं फुलतात, आणि पुन्हा सगळं थंडावतं. याला सार्वत्रिक बहर म्हणतात.

माझ्यासारख्या परागीभवनाचं वेड असलेल्या माणसाला इथे एकच प्रश्न छळतो. कित्येक वर्षं फुलच नसेल तर फुलावर जगणारे किडे जगतात कसे? आणि एके दिवशी लाखो फुलं उमलली की त्यांच्याकडे जायला एवढे किडे येतात कुठून? आपल्याकडे आंब्याला मोहोर धरला की माश्या हजर असतात, कारण मोहोर दरवर्षीचा आहे. दहा वर्षांत दोनदा भरणाऱ्या जत्रेला दुकानदार कुठून येणार?

या प्रश्नाची उत्तरं एका जंगलात, झाडांच्या माथ्यावर बांधलेल्या साकवावरून कशी मिळत गेली, ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

जागा

बोर्निओवरच्या, मलेशियाच्या सारावाक राज्यात मिरी शहराच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर लांबिर हिल्स राष्ट्रीय उद्यान आहे. स्थापना 1975 ची. क्षेत्रफळ जेमतेम 70 चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाहूनही कमी. पण एवढ्याशा रानात जे आहे ते अफाट आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इथे 1,040 मीटर लांब आणि 500 मीटर रुंद असा 52 हेक्टरांचा तुकडा आखण्यात आला. सारावाकचं वनखातं, हार्वर्डचे पीटर अ‍ॅश्टन आणि ओसाकाचे संशोधक या कामात एकत्र होते. बोटभर जाडीच्या रोपापासून पुढचं प्रत्येक झाड मोजलं, त्याला क्रमांक दिला, ओळख पटवली. साडेतीन लाखांवर झाडं आणि सुमारे बाराशे जाती निघाल्या. त्यातल्या मोठ्या झाडांत सगळ्यांत जास्त भरला तो कापूरवृक्षच.

पाऊस वर्षाला 2,700 मिलिमीटरच्या आसपास. आंबोलीत याच्या दुपटीहून अधिक पडतो, पण आंबोलीचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. लांबिरला तो बारा महिने थोडा थोडा पडत राहतो. उन्हाळा नाही, हिवाळा नाही, पानगळ नाही. या जंगलाला पंचांगच नाही म्हटलं तरी चालेल. मे महिन्याच्या शेवटाला कान्हाच्या सालवनात उभं राहिलं की पंखवाली फळं भिंगऱ्यांसारखी गरगरत खाली येताना दिसतात. एक हातावर घेऊन पाहिलं होतं: मध्ये वाटाण्याहून थोडं मोठं बी, त्याभोवती पाच कोरडे, शिरा उमटलेले पंख. या बियांना थांबून राहणं माहीत नसतं. पावसाची पहिली सर आली की रुजायचं, नाहीतर मरायचं. कान्हाच्या सालाला निदान मृग कधी लागतो हे ठाऊक आहे. लांबिरच्या त्याच्या भाऊबंदांना असा काही आधार नाही.

साकव

क्योटो विद्यापीठाचे तामिजी इनोउए हे मधमाश्यांचे अभ्यासक. सुमात्रात नांगी नसलेल्या छोट्या मधमाश्यांवर त्यांनी बरीच वर्षं काम केलं होतं. 1992 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांबिरमध्ये मोठ्या झाडांच्या आधाराने दोन मनोरे उभे केले आणि त्यांना जोडणारा, झाडाझाडांवरून टांगत नेलेला सुमारे 300 मीटर लांबीचा साकव बांधला.

साकवच का, हे समजून घ्यायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. वर्षावनात जमिनीवर उभं राहिलं तर दिसतं फार थोडं. अंधार, ओल, खोडंच खोडं. फुलं, फळं, कोवळी पालवी आणि त्यांच्यावर जगणारं बहुतेक सगळं तीस-चाळीस मीटर वर असतं. दुर्बिणीतून पानांचा खालचा भाग दिसतो, गळून पडलेलं फूल हाताला लागतं. पण ते फूल जिवंत असताना त्याच्यावर कोण येऊन गेलं, हे गळालेलं फूल सांगत नाही. दोर लावून झाडावर चढता येतं. मात्र त्यात दम जातो, एका वेळी एकच माणूस एकाच झाडावर असतो, आणि रात्री दोन वाजता, पुन्हा पहाटे पाच वाजता त्याच फांदीपाशी जायचं म्हटलं तर ते रोज जमणारं नाही. साकवावर चालत जाता येतं. आज पाहिलेली कळी उद्या, परवा, पंधरा दिवसांनी, चार वर्षांनी त्याच जागी पाहता येते. माझ्या मते साकवाची खरी किंमत उंचीत नाही, या परत परत जाण्यात आहे.

आणि त्यांनी नेमकं तेच केलं. 1993 पासून शोको साकाई आणि सहकारी महिन्यातून दोनदा 56 कुळांतल्या 305 जातींच्या 576 झाडांची हजेरी घेत राहिले. कळी आहे का, फूल आहे का, फळ आहे का. वेगवेगळ्या उंचीवर दिवे लावून रात्रीचे किडे पकडले, मोजले. आग्या मोहोळाची पोळी मोजली. 1993 गेलं, 1994 गेलं, 1995 गेलं. डिप्टेरोकार्प फुलले नाहीत.

ही तीन वर्षं मला फार महत्त्वाची वाटतात. रिकाम्या रकान्यांच्या वह्या भरत राहणं सोपं नसतं. पण बहर नसताना कोण काय खातं हे टिपून ठेवलेलं नसतं, तर बहर आल्यावर कोण कुठून आलं हे कळलंच नसतं.

1996

मग 1996 मध्ये बहर आला. साकवावरून पाहणाऱ्यांना चोहीकडे फुललेले माथे दिसत होते. नोंदी जुळवल्यावर कळलं की पाहिलेल्या जातींपैकी सुमारे 35 टक्के जाती फक्त सार्वत्रिक बहरातच फुलणाऱ्या होत्या. दरवर्षी नेमाने फुलणाऱ्या त्याहून कितीतरी कमी.

आता शोरिया पार्विफोलियाच्या फुलापाशी येऊ. मेरांती नावाने ज्या झाडांचं लाकूड जगभर जातं त्यांतलं हे एक. फूल लहान, नखाएवढं, पाच पाकळ्या भिंगरीसारख्या पिळलेल्या. एकेका झाडावर अशी अगणित फुलं. संध्याकाळी उमलतात, रात्रभर सुगंध सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्यांचं कडं गळून खाली सडा पडतो. म्हणजे जे काही व्हायचं ते एका रात्रीत.

या झाडांच्या गटाबद्दल एक मोठं आणि सुंदर उत्तर आधीच उपलब्ध होतं. मलेशियाच्या द्वीपकल्पातल्या पासोह जंगलात अप्पनाह आणि चान यांनी 1981 मध्ये मांडलं होतं की या फुलांचं परागीभवन फुलकिडे करतात. हो, तेच फुलकिडे ज्यांच्यासाठी आपला कांदा आणि मिरचीचा शेतकरी फवारणी करतो. फुलकिडा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. त्याची पिढी फार थोड्या दिवसांत पुरी होते. कळ्या धरू लागल्या की फुलकिडे त्यांत अंडी घालतात आणि फुलं उमलेपर्यंत त्यांची संख्या भराभर वाढते. सकाळी गळणाऱ्या पाकळ्यांबरोबर ते खाली जातात, आणि संध्याकाळी नवी फुलं उमलली की पुन्हा वर येतात, अंगाला पराग लावून. एकामागून एक जाती फुलत जातात आणि फुलकिड्यांचा लोंढा एकीकडून दुसरीकडे सरकतो. जत्रेला दुकानदार कुठून येतात याचं हे उत्तर होतं: जत्रेतच जन्माला येतात. वाचताना पटकन पटतं आणि मनात घर करतं.

लांबिरच्या माथ्यावर मात्र वेगळं दिसलं. शोरिया पार्विफोलियाच्या फुलांवर येणाऱ्यांत मुख्य होते भुंगेरे, पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या आणि सोंड्यांच्या कुळांतले. येणारे किडे पकडून त्यांच्या अंगावरचे परागकण तपासले. फुलांना पिशव्या बांधून आत किडे सोडून पाहिले. कपाशीचं संकरित बियाणं तयार करताना फुलं झाकून ठेवतात, त्याच जातीची ही युक्ती. फुलकिडेही होते, पण परागीभवनाचा मुख्य भार भुंगेऱ्यांवर होता. हे निष्कर्ष 1999 मध्ये प्रसिद्ध झाले.

आता खरी गंमत. भुंगेरा फुलकिड्यासारखा आठवड्या-दोन आठवड्यांत पिढी काढत नाही. मग तो बहराला एवढ्या संख्येने हजर कसा? तर तो कुठून आलाच नाही, तो तिथेच होता. बहर नसलेल्या वर्षांत हे भुंगेरे डिप्टेरोकार्पांची पानं खाऊन जगतात आणि फुलं आली की पाकळ्यांकडे वळतात. ज्याला आपण पान खाणारी कीड म्हणू, तोच त्या एका रात्री झाडाचा मध्यस्थ ठरतो. पानं खाऊ देऊन झाड इतकी वर्षं त्याला पोसत आलं असं म्हणायचा मोह होतो, पण ते माझं म्हणणं आहे. पुराव्यातून निघतं ते एवढंच की त्याने आहार बदलला.

पासोहचं उत्तर चुकीचं ठरलं का? मला तसं वाटत नाही. दोन जंगलं वेगळी, मधे समुद्र आहे, आणि एका गटातल्या झाडांनी दोन ठिकाणी दोन वेगळे मदतनीस पत्करले असणं अशक्य नाही. मात्र एका जंगलातलं सुंदर उत्तर साऱ्या आग्नेय आशियाला लावणं थांबलं, ही लांबिरची कमाई.

तिसरं उत्तर आपल्या ओळखीचं आहे. आग्या माशी. आपल्या पाण्याच्या टाकीला, जुन्या वाड्याच्या कमानीला, सह्याद्रीतल्या कड्याला लोंबणारी ती मोठी पोळी ज्या माशीची, तीच जात बोर्निओतही आहे. दिवाळीच्या सुमाराला आमच्या टाकीखाली पोळं लागायचं आणि पावसाळ्याआधी एके दिवशी नुसता मेणाचा काळपट पडदा उरायचा. माश्या कुठे गेल्या ते कुणी सांगू शकत नसे. ताकाओ इतिओका आणि सहकाऱ्यांनी लांबिरमध्ये सहा वर्षं आग्याच्या पोळ्यांची नोंद ठेवली. बहर नसताना पोळी जवळजवळ दिसत नाहीत. बहर लागला की झपाट्याने वाढतात, इतक्या झपाट्याने की ही वाढ तिथल्या तिथे पिलावळ वाढून होणं शक्य नाही. म्हणजे अख्खे थवे दुरून उठून येतात आणि बहर सरला की निघून जातात.

दुकानदार जत्रेत जन्मतात, गावातलेच लोक धंदा बदलून बसतात, किंवा दूरगावाहून बिऱ्हाड घेऊन येतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, वेगवेगळ्या झाडांसाठी आणि वेगवेगळ्या जंगलांत.

बहर पेटतो कशाने

याचंही उत्तर त्याच वह्यांतून पुढे सरकलं. अ‍ॅश्टन आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये सुचवलं होतं की एल निनोच्या काळात सलग काही रात्री किमान तापमान दोनेक अंशांनी उतरतं आणि झाडांना तो इशारा पुरतो. लांबिरच्या दहा वर्षांच्या नोंदी हाती आल्यावर साकाई आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की तिथे बहराआधी पावसाने दिलेली ओढ ठळकपणे दिसते. पंचांग नसलेल्या जंगलात अधूनमधून येणारा कोरडा पंधरवडा-महिना हाच मुहूर्त. सगळ्यांनी एकदम का फुलायचं, याला जुना आणि भक्कम तर्क आहे: एवढी फळं एका वेळी पडतात की रानडुकरं, खारी, किडे सगळे खाऊन खाऊन थकतात आणि तरी बी उरतं. बोर्निओचा दाढीवाला रानडुक्कर या फळांमागे कळपाने लांबलांब भटकतो. सारावाकमधली माणसंही एंगकाबांग म्हणजे काही शोरियांची मोठी फळं गोळा करतात, त्यातून निघणारी घट्ट चरबी चॉकलेटच्या धंद्यात जाते.

साकवाच्या मर्यादा

साकवावरून हाताला येतात ती साकवालगतची झाडं. बाराशे जातींतल्या कितीतरी जातींचं एकही मोठं झाड त्या 300 मीटरच्या आसपास नसणार. फांद्यांची सगळ्यांत बाहेरची टोकं, जिथे ऊन सर्वांत जास्त आणि पालवी सर्वांत कोवळी, ती साकवापासून दूरच राहतात. म्हणून 2000 मध्ये लांबिरला सुमारे 80 मीटर उंचीची क्रेन उभी राहिली, इमारतीच्या बांधकामावर असते तशी. तिच्या 75 मीटर लांब हाताला टांगलेल्या पाळण्यातून कुठल्याही माथ्यावर वरून उतरता येतं. तरीही चार वर्षं एकाच फांदीची विचारपूस करण्याचं काम आधी साकवानेच केलं होतं.

1997 आणि नंतर

6 सप्टेंबर 1997 रोजी ब्रुनेईहून मिरीला येणारं एक छोटं प्रवासी विमान उतरण्यापूर्वी लांबिरच्या डोंगरात कोसळलं. विमानातले दहाही जण गेले. त्यांत तामिजी इनोउए होते. ज्या जंगलासाठी ते येत होते त्याच जंगलात त्यांचा शेवट झाला. बहर त्यांनी पाहिला होता. त्यावरचे बरेचसे लेख त्यांच्या माघारी छापून आले, आणि अनेकांवर त्यांचं नाव आहे. हे लेख वाचताना माझं लक्ष दर वेळी त्या नावावर थांबतं.

1998 च्या सुरुवातीला एल निनोचा दुष्काळ पडला. मोठी झाडं मेली, मृत्यूचं प्रमाण नेहमीच्या कित्येक पट झालं. उंबर फोडला की आत चिलटासारखे किडे निघतात हे आपण लहानपणापासून पाहतो. उंबरवर्गातल्या प्रत्येक झाडाचं परागीभवन असे चिमुकले गांधीलकिडेच करतात, आणि प्रौढ किडा जगतो एखाद-दोन दिवस. तेवढ्यात त्याला फळायला आलेलं दुसरं झाड सापडायलाच हवं. दुष्काळात उंबरांनी फळं धरणं थांबवलं आणि साखळी तुटली. काही जातींचे किडे लांबिरमधून पार नाहीसे झाले आणि लगेच परतले नाहीत. रेट हॅरिसन यांनी हे नोंदवलं, तेही आधीच्या नोंदी होत्या म्हणूनच.

पुढची गोष्ट लिहिताना हात जड होतो. सारावाकची ओळख धनेशांची भूमी अशी आहे, राज्याच्या बोधचिन्हावर धनेश आहे. लांबिर मात्र रस्त्याला लागून आहे, भोवती तेलताडाचे मळे आहेत, आणि तिथे शिकार होत राहिली. 1980 च्या दशकातल्या यादीशी ताडून पाहिलं तेव्हा रहिवासी पक्ष्यांच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढ्या जाती गायब होत्या. धनेशांपैकी बहुतेक जाती गेल्या, माकडवर्गातल्याही गेल्या. म्हणजे जगातल्या सर्वांत बारकाईने अभ्यासलेल्या वर्षावनांपैकी एकाच्या माथ्यावर उभं राहून माणसं किडे मोजत होती, आणि त्याच माथ्यावरून मोठ्या पक्ष्यांचे आवाज कमी होत होते.

याचा परिणाम काय होतो, हे 52 हेक्टरांच्या तुकड्याने दाखवलं. दर काही वर्षांनी तीच साडेतीन लाख झाडं पुन्हा मोजली जातात. 15 वर्षांच्या मोजणीवरून हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मांडलं की झाडांच्या पुढच्या पिढीची मांडणीच बदलते आहे आणि जातींची विविधता सातत्याने घटते आहे. मेरांतीच्या बीला पंख आहेत, ते वाऱ्यावर थोडंफार जाईल. जायफळाच्या गोतातलं टपोरं बी धनेशाने गिळून दूर टाकायचं असतं. धनेश नसेल तर ते आईच्याच पायाशी पडतं. लाकडाच्या एकूण वजनात मात्र घट आढळली नाही. विमानातून पाहिलं तर लांबिर पूर्वीइतकंच हिरवं आणि दाट दिसेल.